विश्लेषण : पेटंटवर मोठा झालेला कोल्ट आणि पेटंटनेच अडवलेले रिव्हॉल्व्हर

जुनी लष्करी शस्त्रे जमवणाऱ्यांमध्ये एका प्रकारच्या रिव्हॉल्व्हरला वेगळाच मान आहे. ही रिव्हॉल्व्हर मुळात सुटी दारू आणि टोपी यांवर चालणारी होती. पुढे ती कापून, जोड लावून धातूच्या काडतुसांवर चालती केली गेली. दिसायला ती ना धड जुनी, ना धड नवी. कारखान्यांनी ती हौसेने बनवली नव्हती, नाइलाजाने बनवली होती. हा नाइलाज कुठून आला, हे सॅम्युअल कोल्टच्या आयुष्यात डोकावल्याशिवाय कळत नाही. ज्याने एका पेटंटच्या जोरावर साम्राज्य उभे केले, त्याच्याच कंपनीचे हात दुसऱ्याच्या पेटंटने १८६९ पर्यंत बांधून ठेवले. या गोष्टीत कलकत्ता आहे, १८५७ आहे आणि थोडा वऱ्हाडही आहे. शिवाय एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असे शस्त्र निघाले तर तो वारसा की गुन्हा, हा आजचा प्रश्नही याच दुरुस्तीपाशी येऊन थांबतो.

टोपीचे आणि काडतुसाचे, फरक काय?

टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी झाडण्याआधीचे सगळे काम हाताने करावे लागे. फिरत्या सिलिंडरला पाच किंवा सहा घरे असत. प्रत्येक घरात पुढच्या बाजूने मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची आणि शेवटी सिलिंडरच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक तोटीवर तांब्याची टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळे, ठिणगी आत जाई आणि दारू पेटे. पावसात दारू सादळे, घाईत टोपी निसटे. सहा गोळ्या संपल्यावर लढाईच्या धामधुमीत पुन्हा भरणे जवळपास अशक्यच. म्हणून घोडेस्वार एकाऐवजी दोन-दोन रिव्हॉल्व्हर जवळ ठेवत.

धातूच्या काडतुसाने ही कटकट संपवली. पेट घेणारा मसाला, दारू आणि गोळी एकाच छोट्या नळकांडीत आले. (१८५७ च्या चरबीच्या काडतुसाशी याची गल्लत करू नये. ते कागदाचे होते, दाताने फाडून दारू नळीत ओतावी लागे.) हे नवे काडतूस मागच्या बाजूने सरकवायचे असल्याने सिलिंडरची घरे आरपार असावी लागतात. जुन्या सिलिंडरची पाठ मात्र बंद होती. पाठ उघडायची, म्हणजे भोक आरपार पाडायचे, एवढाच काय तो प्रश्न. कुठल्याही बऱ्या लोहाराला सुचावे असे काम, पण अमेरिकेत ते करण्याचा हक्क एकाच माणसाच्या नावावर होता आणि तो माणूस कोल्ट नव्हता.

कलकत्त्याचा संबंध कुठून आला?

सॅम्युअल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी झाला. तो लहान असतानाच आई क्षयाने गेली. वडिलांचा व्यापार बसला, मग त्यांनी कापड गिरणी धरली. अकराव्या वर्षी सॅमला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले, नंतर तो वडिलांच्या गिरणीत आला. तिथल्या रसायनांपेक्षा त्यांचे स्फोट त्याला जास्त आवडत. शाळेत असताना त्याने केलेल्या दारूकामाने आग लागली आणि त्याचे शिक्षण तिथेच आटोपले. मुलाने खलाशी व्हावे असे ठरवून वडिलांनी १८३० च्या ऑगस्टमध्ये त्याला बोस्टनहून निघणाऱ्या ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर चढवले. जहाज कलकत्त्याला निघाले होते.

याच प्रवासात सोळा वर्षांच्या सॅमने फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे चक्र फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला कल्पना सुचली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. गोष्ट छान आहे आणि कोल्टला अशा गोष्टी विकता येत. पण फिरत्या सिलिंडरची कल्पना त्याच्या आधीची होती. एलिशा कॉलियर या अमेरिकन माणसाने १८१८ मध्येच लंडनमध्ये गारगोटीवर चालणाऱ्या फिरत्या बंदुकीचे पेटंट घेतले होते. या बंदुका हिंदुस्थानातील इंग्रजांकडे होत्या, त्यामुळे कलकत्त्याच्या बंदरात सॅमने एखादी पाहिली असावी, अशी शंका काही अभ्यासक घेतात. लाकडी नमुना मात्र खरा आहे आणि तो हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आजही आहे.

कलकत्त्याने त्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे रुबाब. परत आल्यावर नमुन्यावरून खरी पिस्तुले करून घ्यायला पैसे हवे होते. तेव्हा विशीही न गाठलेला हा मुलगा नावात एक अक्षर वाढवून न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा नामांकित डॉक्टर बनला आणि गावोगावी तिकीट लावून लोकांना नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू हुंगवू लागला. त्या कमाईतून बंदूक कारागिरांची मजुरी भागली. कोल्टच्या पुढच्या साऱ्या धंद्यातली चमक आणि थाप या फिरत्या खेळातच तयार झालेली दिसते.

पहिला कारखाना का बुडाला?

१८३५ मध्ये ब्रिटनचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट त्याला मिळाले. त्याचा खरा शोध असा : घोडा मागे ओढला की सिलिंडर आपोआप एक घर पुढे सरकतो आणि नळीसमोर नेमका अडकतो. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी नातेवाईक आणि भांडवलदारांच्या पैशांतून कारखाना निघाला. लष्कराने चाचणी घेऊन शस्त्र फार नाजूक ठरवले. फ्लोरिडातल्या सेमिनोल लोकांविरुद्धच्या लढाईत थोडी विक्री झाली, टेक्सासच्या आरमाराने काही नग घेतले. बाकी मालाला उठाव नव्हता आणि कोल्टचा खर्च थांबत नव्हता. १८४२ मध्ये कंपनी बंद पडली. इथे बनलेल्या पिस्तुलांची संख्या जेमतेम अडीच-तीन हजारांच्या आसपास. म्हणूनच आज ‘पॅटर्सन’ हे नाव निघाले की संग्राहकांचे कान टवकारतात.

त्याच काळात घरावरही मोठे संकट आले. मोठा भाऊ जॉन याने १८४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पैशांच्या वादातून एका मुद्रकाचा खून केला आणि प्रेत पेटीत भरून जहाजावर चढवले. खटला गाजला. नोव्हेंबर १८४२ मध्ये ज्या दिवशी फाशी व्हायची, त्याच दिवशी जॉनने कोठडीत लग्न केले आणि काही तासांनी तो मृतावस्थेत सापडला. सॅम्युअल या दिवसांत विजेवर फुटणाऱ्या पाणसुरुंगांच्या मागे होता. सरकारच्या पैशाने त्याने जहाजे उडवून दाखवली, गर्दी जमवली, पण आरमाराने सुरुंग घेतले नाहीत. तीस वर्षांच्या आत त्याने एक कारखाना, एक भाऊ आणि बरीचशी पत गमावली होती.

वॉकरने काय बदलले?

कारखाना बुडाला तरी पॅटर्सनची पिस्तुले टेक्सासमध्ये फिरत होती. १८४४ मध्ये तिथल्या रेंजर घोडेस्वारांच्या एका छोट्या तुकडीने कितीतरी मोठ्या कोमांची टोळीला या पिस्तुलांच्या जोरावर हरवले. त्याआधी एक गोळी झाडून झाली की कोमांची स्वार बाणांचा वर्षाव करत अंगावर येत. आता गोळ्या थांबतच नव्हत्या. कोल्टच्या जाहिरातींत ही लढाई कायम मिरवली गेली. कोमांचींच्या वाट्याला काय आले, हे सांगण्यात अर्थातच कुणाला रस नव्हता.

त्या लढाईतला सॅम्युअल वॉकर १८४७ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी लष्करात कॅप्टन होता. त्याने सरकारकडून १,००० रिव्हॉल्व्हरची मागणी मिळवून दिली आणि मोठी नळी, सहा घरे, जास्त दारू असे बदलही सुचवले. कोल्टकडे तेव्हा कारखाना नव्हता. त्याने एली व्हिटनी ज्युनियर याच्या कारखान्यात माल बनवून घेतला. हे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर दोन किलोंहून जड होते. कमरेला लावायचे सोडाच, ते घोड्याच्या खोगिरालाच शोभे. वॉकर स्वतः त्याच वर्षी मेक्सिकोत मारला गेला. कोल्ट मात्र पुन्हा उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो हार्टफर्डला परतला आणि या वेळी कारखान्याची सूत्रे त्याने आपल्या हातात ठेवली.

हार्टफर्डमध्ये त्याने एलिशा रूट हा कसबी यंत्रज्ञ मोठ्या पगारावर आणला. एकाच मापाचे सुटे भाग यंत्रावर काढायचे आणि जोडताना कमीत कमी घासायचे, ही पद्धत रूटने बसवली. दुसऱ्या बाजूला कोल्टने वकील कामाला लावले. नक्कल करणाऱ्या मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीला त्याने १८५१ मध्ये न्यायालयात हरवले, पेटंटची मुदतही वाढवून घेतली. १८५७ पर्यंत अमेरिकेत फिरत्या सिलिंडरचे चांगले पिस्तूल बनवायचे तर कोल्टला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. कारखान्याच्या निळ्या घुमटावर मागच्या पायांवर उभे राहिलेले शिंगरू बसवले गेले. इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरूच.

विक्रीतही तो पक्का होता. सोन्याचे नक्षीकाम केलेली रिव्हॉल्व्हर तो राजेरजवाड्यांना भेट देई. तुर्कस्तानच्या सुलतानाला रशिया माल घेतोय असे सांगायचे आणि रशियात जाऊन तुर्कांचे नाव घ्यायचे, ही त्याची युक्ती प्रसिद्ध आहे. ‘कर्नल’ ही पदवीही त्याने लढून मिळवलेली नव्हती, ती कनेक्टिकटच्या गव्हर्नरची राजकीय मेहरबानी होती.

लंडन, १८५७ आणि वऱ्हाड

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टचे दालन गाजले. १८५३ मध्ये त्याने लंडनला थेम्सकाठी कारखाना काढला. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराने आणि लष्कराने त्याची ०.३६ इंच नळीची ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर हजारोंनी घेतली. पण तिथे रॉबर्ट ॲडम्स हा स्पर्धक होता. त्याच्या रिव्हॉल्व्हरची चौकट एकसंध आणि मजबूत होती, गोळी जाड होती. १८५६ मध्ये लेफ्टनंट बोमाँट याने त्यात सुधारणा केली. घोडा हाताने ओढूनही आणि नुसता चाप दाबूनही ते झाडता येऊ लागले. ब्रिटिश लष्कराने हेच ‘बोमाँट-ॲडम्स’ स्वीकारले आणि कोल्टचा लंडनचा कारखाना बंद झाला.

पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला. इंग्रज अधिकारी कमरेचे शस्त्र स्वतःच्या पैशाने घेत, त्यामुळे कोल्ट आणि ॲडम्स दोन्ही इथे आली. वऱ्हाडाचा धागा इथे जुळतो. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला म्हणून मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवण्यात आला. आजचा वाशिम, म्हणजे तेव्हाच्या कागदपत्रांतला बाशीम, त्याच मुलखात. हीच फौज १८५८ मध्ये ह्यू रोझबरोबर मध्य भारतात होती आणि झाशीच्या वेढ्यातही होती. फौजेच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी नवी शस्त्रे आली, त्या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या कापूस-ज्वारीवरच्या साऱ्यातून निघत होता, हे स्थानिक इतिहासात क्वचितच सांगितले जाते. बाशीम हा पुढे स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम नावाने पुन्हा वेगळा झाला.

उठावानंतर शस्त्रे काढून घेण्याची मोहीम झाली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक, युरोपियनांना सूट, असा तो कायदा होता.

रोलिन व्हाइटची कल्पना कोणी उचलली?

आता त्या आरपार भोकाकडे. रोलिन व्हाइट हा कोल्टच्या हार्टफर्ड कारखान्यात भावांच्या कंत्राटाखाली काम करणारा कारागीर. त्याने मागून भरता येणाऱ्या सिलिंडरची कल्पना काढली आणि ३ एप्रिल १८५५ रोजी पेटंट घेतले. कोल्टला त्याने ती आधी दाखवली आणि कोल्टने ती झिडकारली, असे सर्रास सांगितले जाते. भेट नेमकी कशी झाली यावर मतभेद आहेत. पण व्हाइटच्या पेटंटातले शस्त्र जसे काढले होते तसे वापरण्याजोगे नव्हते, हे खरे. त्यात एक विचित्र खोकेही जोडलेले होते. ते पाहून कोणीही व्यवहारी कारखानदार मान हलवून पुढे गेला असता. शिवाय त्या वेळी कोल्टचे जुने रिव्हॉल्व्हर जगभर खपत होते. चालत्या धंद्याला मोड घालणारी गोष्ट मालकाला सहसा पटत नाही.

होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांना मात्र त्या खोक्यात रस नव्हता, त्यांना फक्त भोक हवे होते. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्यांनी व्हाइटशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट व्हाइटला, पण पेटंट मोडणाऱ्यांवर खटले चालवण्याचा खर्चही व्हाइटचाच. १८५७ मध्ये कोल्टचे पेटंट संपले आणि त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनचे पहिले काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. ते सात गोळ्यांचे, ०.२२ इंची, लष्कराच्या दृष्टीने खेळण्यासारखे होते. तरीही एक दार बंद होताच दुसरे बंद झाले होते आणि या दुसऱ्याची किल्ली कोल्टकडे नव्हती.

हे त्याला फार काळ पाहावे लागले नाही. १८५६ मध्ये एलिझाबेथ जार्व्हिसशी लग्न करून तो तिला रशियाच्या नव्या झारच्या राज्यारोहणाला घेऊन गेला. परतल्यावर ‘आर्म्सस्मिअर’ नावाचा वाडा बांधला. कारखान्याला नदीच्या पुराचा धोका होता म्हणून बांध घातला, कामगारांसाठी घरे आणि सभागृह उभारले. घरात मात्र मुले जगत नव्हती. फक्त कॅल्डवेल हा एक मुलगा मोठा झाला. यादवी युद्ध दारात आले तरी १८६१ च्या वसंतापर्यंत दक्षिणेकडच्या राज्यांना माल जातच होता. उत्तरेच्या वृत्तपत्रांनी त्याला देशद्रोही म्हणायला सुरुवात केली होती. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, संधिवाताच्या दीर्घ दुखण्यानंतर तो गेला. मागे ठेवलेली मालमत्ता सुमारे दीड कोटी डॉलरची होती, त्या काळच्या अमेरिकेत अफाट म्हणावी अशी.

कोल्टच्या मागे काय झाले?

युद्धात कोल्टच्या टोपीच्या ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हरना प्रचंड मागणी होती, त्यामुळे काडतुसाचा प्रश्न झाकला गेला. फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखान्याचा मोठा भाग जळाला. एलिझाबेथने तो पुन्हा उभा केला. युद्ध संपले आणि खरी अडचण समोर आली. लष्कराच्या कोठारांत आणि कारखान्यात टोपीची रिव्हॉल्व्हर आणि सुटे भाग ढिगांनी पडले होते. लोकांना आता काडतूस हवे होते आणि सिलिंडरला आरपार भोक पाडणे बेकायदा होते. व्हाइटने अनेक कारखान्यांवर खटले भरले. सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडली आणि त्याच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला.

कोल्टच्या कंपनीने मग पळवाट शोधली. अलेक्झांडर थ्यूअर या कारागिराने १८६८ मध्ये निमुळते काडतूस पुढच्या बाजूने भरण्याची युक्ती काढली, म्हणजे पाठ उघडण्याचा प्रश्नच नको. युक्ती चतुर होती, वापरायला त्रासदायक होती, फारशी चालली नाही. रेमिंग्टनने सरळ मार्ग धरला. हक्काचे पैसे मोजून त्यांनी सुमारे साडेचार हजार रिव्हॉल्व्हर पाच काडतुसांची करून दिली.

३ एप्रिल १८६९ रोजी व्हाइटचे पेटंट संपले. मुदत वाढवून मिळावी म्हणून तो अमेरिकी काँग्रेसकडे गेला, विधेयक मंजूरही झाले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये नकाराधिकार वापरला. युद्धाच्या काळात या पेटंटने सरकारचीच अडवणूक केली, अशी लष्कराच्या शस्त्रखात्याची तक्रार होती. व्हाइटला स्वामित्वशुल्कापोटी सुमारे ७१ हजार डॉलर मिळाले आणि त्यातले बहुतेक वकिलांकडे गेले. कोल्टने पेटंट वापरून संपत्ती केली, व्हाइटने पेटंट राखता राखता ती घालवली.

मग कोल्टच्या कारखान्यात दुरुस्तीची धांदल सुरू झाली. चार्ल्स रिचर्ड्सने जुलै १८७१ मध्ये पद्धत बसवली : सिलिंडरची मागची बाजू कापायची, तिथे पोलादी चकती बसवायची, चकतीला काडतूस घालायचे छोटे दार ठेवायचे, नळीखालची दांडी काढून रिकामे काडतूस बाहेर ढकलणारी सळई लावायची. अमेरिकी लष्कराने आपली सुमारे १,२०० ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हर अशी बदलून घेतली. विल्यम मेसनने १८७२ मध्ये काम आणखी सोपे आणि स्वस्त केले. १८७३ मध्ये पूर्ण नवे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ आले आणि दुरुस्तीची गरज हळूहळू ओसरली. ब्रिटनमध्ये व्हाइटची अडचण नव्हती, तरी काटकसर तीच. रॉबर्टचा भाऊ जॉन ॲडम्स याने सुचवल्याप्रमाणे १८६८ पासून जुनी बोमाँट-ॲडम्स ०.४५० इंची काडतुसांवर चालती केली गेली. ती लष्करात १८८० मध्ये एनफिल्ड येईपर्यंत होती.

संग्राहक नेमके काय पाहतात?

या मधल्या काळामुळेच या शस्त्रांची गोडी आहे. एकाच रिव्हॉल्व्हरवर दोन युगांच्या खुणा असतात. ‘नेव्ही’च्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारी लढतीचे चित्र कोरलेले असे. ते कितपत शिल्लक आहे, हे पहिले पाहिले जाते. नळी, चौकट आणि सिलिंडरवरचे नंबर जुळतात का, लष्कराने बदललेल्या नगावर दुसरा नंबर आणि तपासनिसाचा शिक्का आहे का, घोड्याचे टोक रिचर्ड्सच्या पद्धतीचे की मेसनच्या, हे नंतर. कारखान्यात बदललेले आणि गावातल्या कारागिराने बदललेले यांच्या किमतीत मोठी तफावत असते. फसवणूकही इथेच होते. इटलीत बनणाऱ्या आधुनिक प्रतिकृतींना आम्ल लावून म्हातारे केले जाते, किंवा साध्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरला नवी चकती बसवून ते जुने रूपांतर म्हणून खपवले जाते. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिशने चमकवलेले शस्त्र जाणकार बाजूलाच ठेवतो, कारण मूळ निळसर झाक आणि खुणा दोन्ही गेलेल्या असतात.

खुद्द कोल्टनेही शस्त्रे जमवली होती. आपल्या आधीच्या फिरत्या बंदुका त्याला खटल्यांत कामी येत. एलिझाबेथच्या १९०५ मधील मृत्यूनंतर हा संग्रह वॉड्सवर्थ अथेनियमला गेला. वाशिमच्या वाचकाला त्या काळच्या शस्त्रांची कल्पना यायची असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, जवळ आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही शस्त्रांचे दालन आहे.

वाड्यात असे शस्त्र सापडले तर?

इथे संग्राहकाची हौस आणि कायदा एकमेकांसमोर येतात. भारतीय शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ नुसार जुन्या बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडलेले शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. पण अट कडक आहे : ते दुरुस्ती करूनही आणि न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. नुसते शंभर-दीडशे वर्षे जुने असणे पुरेसे नाही. गंजून जाम झालेले टोपीचे पिस्तूल आणि काडतुसावर बदललेले, चाप अजून हलणारे रिव्हॉल्व्हर यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. ज्या दुरुस्तीने संग्राहकाच्या लेखी किंमत वाढते, तीच दुरुस्ती कायद्याच्या लेखी शस्त्राला जिवंत ठेवते.

आजोबांच्या परवान्यावर असलेले शस्त्र वारसाकडे आपोआप येत नाही, त्यासाठी नव्याने परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वडिलोपार्जित शस्त्रेही त्या मर्यादेत मोजली जातात. शस्त्र शंभर वर्षांहून जुने असेल तर पुरावशेष म्हणून १९७२ चा कायदाही लागू होऊ शकतो आणि ते खासगीरीत्या परदेशी विकता येत नाही. शेत नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेले काही मोलाचे निघाले तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि त्यात खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते.

असे काही हाती लागले तर चाप ओढून पाहू नये. सिलिंडरमध्ये जुनी दारू किंवा काडतूस अडकलेले असू शकते आणि दीडशे वर्षांनीही काळी दारू पेटते. ती रूपांतरे काळ्या दारूच्या हलक्या दाबासाठी होती, आजचे काडतूस त्यात घातले तर सिलिंडर हातातच फुटतो. शस्त्र आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. परवान्याचा निर्णय जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी घेतात, आणि शस्त्र वापरण्याजोगे आहे की नाही हे तज्ज्ञाच्या तपासणीवर ठरते. मालकाच्या किंवा विकत घेऊ पाहणाऱ्याच्या सांगण्याला त्यात किंमत नसते.